पहिला चित्रपट काढताय? बॅनरच्या कागदांपासून वयोगटाच्या प्रमाणपत्रापर्यंत

पहिल्यांदा चित्रपट काढणारी मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा शूटिंग उरकलेलं असतं, संकलन शेवटच्या टप्प्यात असतं, पोस्टरवर तारीखही छापून झालेली असते. प्रश्न एकच असतो: "सेन्सॉरला किती दिवस लागतील?" उत्तर देण्याआधी मी त्यांच्याकडे तीन कागद मागतो. लेखकाबरोबरचा करार, चित्रपटात प्राणी असेल तर त्याची परवानगी, आणि पडद्यावर ऐकू येणाऱ्या प्रत्येक संवादाची लेखी प्रत. तिन्ही कागद तयार असलेला नवा निर्माता मला फार क्वचित भेटला आहे.

म्हणून हा लेख शेवटापासून नाही, सुरुवातीपासून लिहितो आहे. प्रमाणपत्र मुंबईतल्या कार्यालयातून मिळतं हे खरं, पण ते कोणतं मिळणार हे बहुतेक वेळा पटकथा लिहिताना ठरून गेलेलं असतं. आणि वेळेवर मिळणार की नाही हे तुमच्या संस्थेची फाइल ठरवते.

प्रमाणपत्रं कोणती, ते आधी

आपण अजूनही "पिक्चर सेन्सॉरला गेलाय" असंच म्हणतो. मंडळाचं नाव मात्र १ जून १९८३ पासून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ असं आहे. सेन्सॉर जाऊन प्रमाणन आलं त्याच वर्षी यू आणि ए या दोन जुन्या वर्गांच्या जोडीला यूए आणि एस हे वर्ग आले. मंडळाचा आधार १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा. त्यात २०२३ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १५ मार्च २०२४ रोजी नवे प्रमाणन नियम आले. इंटरनेटवर सापडणारी कितीतरी माहिती १९८३ च्या जुन्या नियमांवर बेतलेली आहे, तेव्हा वाचताना तारीख बघत चला.

आजचे वर्ग असे. यू म्हणजे सर्वांसाठी खुला. यूए म्हणजे सर्वांना प्रवेश, पण दिलेल्या वयाखालच्या मुलाला दाखवायचा की नाही ते पालकांनी ठरवायचं. याचे आता तीन भाग आहेत: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ए म्हणजे फक्त अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी. एस म्हणजे डॉक्टरांसारख्या एखाद्या विशिष्ट वर्गापुरता. हा शेवटचा तुमच्या वाट्याला बहुधा येणार नाही.

यूए आणि ए यांतला फरक नवे निर्माते हमखास चुकतात. यूए १६+ हा पालकांना दिलेला सल्ला आहे. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील आले तर थिएटरवाला त्यांना त्या आकड्यावरून अडवू शकत नाही. ए मात्र बंदी आहे. तिथे दारावरच्या माणसाने वय तपासायचं असतं, आणि अल्पवयीन मुलाला आत सोडलं तर कायद्याचा भंग होतो. थोडक्यात, यूएच्या तीन पायऱ्यांमधली चढउतार ही प्रेक्षकाला दिलेल्या माहितीची आहे. यूए आणि एच्या मध्ये मात्र भिंत आहे.

त्या भिंतीची किंमत फक्त तिकीटबारीवर मोजू नका. ए प्रमाणपत्र असलेला चित्रपट टीव्हीवर आहे तसा दाखवता येत नाही. टीव्हीसाठी वेगळं संकलन करून त्याचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २०२३ च्या दुरुस्तीत मंडळाला तसं प्रमाणपत्र देण्याची स्पष्ट तरतूद झाली आहे. सॅटेलाइट म्हणजे टीव्हीवर दाखवायचे हक्क विकायला बसलात की समोरचा पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "सर्टिफिकेट काय आहे?" उत्तर ए असेल तर बोलण्याचा सूरच बदलतो.

संस्था: कागदावर निर्माता कोण?

मराठी चित्रपटाचा इतिहास हा भागीदाऱ्यांचाही इतिहास आहे. १९२९ साली कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी अशा पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं. १९५३ मध्ये प्रभात बंद झाली आणि तिच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. एवढ्या मोठ्या माणसांच्या वाटा वेगळ्या होऊ शकतात, तर तुमच्या आणि तुमच्या मित्राच्याही होऊ शकतात. तसं झालं तर चित्रपट कोणाकडे राहील, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

एकट्याने पैसे घालणार असाल तर प्रोप्रायटरशिप चालते. नोंदणी सोपी, पण कर्ज झालं तर ते थेट तुमच्या घरावर येतं. दोघं-तिघं असाल तर मी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, सुचवतो. त्यासाठी किमान दोन भागीदार लागतात आणि जबाबदारी घातलेल्या भांडवलापुरती राहते. बाहेरचा गुंतवणूकदार समभाग घेऊन येणार असेल तर प्रायव्हेट लिमिटेड बरी, तिथे किमान दोन संचालक लागतात. साधी भागीदारी संस्था मी टाळायलाच सांगतो, कारण तिथे एका भागीदाराने सही करून केलेलं कर्ज सगळ्यांच्या गळ्यात पडतं.

संस्थेच्या नावाने पॅन, बँक खातं आणि जीएसटी नोंदणी लगेच करून घ्या. पहिला चहासुद्धा त्याच खात्यातून प्या. पुढे खर्चाचा लेखापरीक्षित हिशेब लागणार आहे. राज्य सरकारच्या मराठी चित्रपट अर्थसाहाय्य योजनेकडे जाल तेव्हा लागेल, आणि पायरसीचा खटला उभा राहिला तरी लागेल. २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे चित्रपटाची चोरून नक्कल करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. दंडाची वरची मर्यादा आहे लेखापरीक्षित एकूण निर्मितीखर्चाच्या पाच टक्के. हिशेबच नसेल तर पाच टक्के कशाचे काढणार?

आता एक गोष्ट जी दिग्दर्शकांना ऐकायला आवडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता दिग्दर्शक नसतो, निर्माता असतो. ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो निर्माता. प्रदर्शनानंतर साठ वर्षं त्या चित्रपटावरचा हक्क त्याच्याकडे राहतो. म्हणून प्रमाणपत्रावर अर्जदार आणि निर्माता म्हणून कोणाचं नाव जाणार, हा मानपानाचा प्रश्न नाही. प्रस्तुतकर्ता, सहनिर्माता, कार्यकारी निर्माता, लाइन प्रोड्युसर ही नावं श्रेयनामावलीत हवी तितकी द्या. पण हक्काच्या कागदावर एकच संस्था असावी, आणि तिचं स्पेलिंग करारात, बँकेत आणि अर्जात अगदी एकसारखं असावं. "प्रॉडक्शन" आणि "प्रॉडक्शन्स" यांतल्या एका "स"साठी प्रतिज्ञापत्रं करत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत.

संस्थेचं नाव आणि चित्रपटाचं नाव या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बॅनरचं नाव ट्रेडमार्कच्या ४१ व्या वर्गात नोंदवता येतं. चित्रपटाचं शीर्षक निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवायचं. मराठीत बहुतेक जण अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे जातात, हिंदीतही जायचं असेल तर इम्पासारख्या संघटना आहेत. पटकथा लिहायला घेतानाच दोन पर्यायी नावंही विचारात ठेवा. नावावरून अडणं आपल्याकडे फार जुनं आहे. १९३० साली प्रभातच्या शिवकालीन चित्रपटाचं मूळ नाव होतं "स्वराज्याचे तोरण". ब्रिटिश सेन्सॉरला "स्वराज्य" हा शब्द खटकला आणि चित्रपट "उदयकाल" या नावाने आला.

करार: तीन ओळी ज्या कोणी लिहीत नाही

लेखक मित्र आहे, गीतकार गावचा आहे, संगीतकाराने प्रेमाने काम केलं आहे. सगळं मान्य, पण लेखी करार करा. कॉपीराइट हस्तांतरण तोंडी होत नाही. आणि करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. म्हणजे सहाव्या वर्षी परदेशातलं एखादं ओटीटी विचारणा करत आलं, तर तुमच्याकडे विकायला पटकथेचे हक्कच नसतील. मुदत, प्रदेश आणि माध्यमं या तीन ओळी आजच लिहून टाका.

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखक, गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून कायमचा लिहून घेता येत नाही. तो त्यांच्या वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. बाजारात फिरणाऱ्या जुन्या करारनाम्यांत "सर्व हक्क कायमचे" असं सरसकट वाक्य असतं. ते उचलू नका. कायद्यापुढे टिकत नाही, आणि ज्याच्या शब्दांवर आपला चित्रपट उभा आहे त्याच्याशी वागायची ती रीतही नाही.

वयोगट पटकथेच्या टेबलावर ठरवा

माझ्या मते सगळ्या कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच वगळली जाते.

पटकथेचा पक्का खर्डा हातात आला की दिग्दर्शक, लेखक आणि निर्माता यांनी एक दिवस एकत्र बसायचं. वहीत एकच प्रश्न लिहायचा: हा चित्रपट आपण कोणासाठी करतो आहोत? "सगळ्यांसाठी" हे उत्तर स्वीकारायचं नाही. दहा वर्षांची मुलगी आजीबरोबर येणार आहे का? कॉलेजातली मुलं येणार आहेत का? की गोष्टच अशी आहे की ती मोठ्या माणसांनीच पाहावी? उत्तर मिळालं की त्यापुढे वर्ग लिहायचा: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ किंवा ए. मग प्रत्येक प्रसंग त्या वर्गाच्या नजरेने वाचायचा.

वाचताना कशावर लक्ष ठेवायचं? हिंसा, लैंगिकता, भाषा, नशा, भीती, आणि मुलांनी नक्कल करावी अशी धोक्याची कृती. यात शेवटची बाब नवखे लोक विसरतात. गळफासाची गाठ कशी मारतात हे जवळून दिसलं, तर थेंबभर रक्त न दाखवताही तो प्रसंग वरच्या वर्गात जातो. उलट लढाईच्या प्रसंगात तलवारी चालल्या, पण घाव कॅमेऱ्याने टाळला, तर तोच प्रसंग लहानांसमोरही चालून जातो. काय घडलं यापेक्षा किती वेळ, किती जवळून आणि कोणत्या सुरात दाखवलं, याला वजन असतं. एकच शिवी रागात एकदा आली आणि तीच शिवी विनोद म्हणून वीस वेळा आली, तर परिणाम सारखा होत नाही.

विषयाचंही तसंच. बालविवाह, जातीय अत्याचार, आत्महत्या हे विषय आहेत म्हणून चित्रपट आपोआप ए होत नाही. मंडळाने चित्रपट एकूण परिणामाच्या अंगाने बघावा, आणि तो ज्या काळातला, ज्या लोकांतला आहे त्या संदर्भात बघावा, असं १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणून विषयाला घाबरून पटकथा गुळमुळीत करू नका. मी हे कळकळीने सांगतो, कारण चांगल्या पटकथा बोर्डाच्या नुसत्या धास्तीने पातळ होताना पाहिल्या आहेत, आणि त्या बोर्डापर्यंत पोचल्यासुद्धा नव्हत्या.

ठरवलेल्या वर्गात न बसणारे प्रसंग लाल पेन्सिलीने अधोरेखित करा. प्रत्येकाबद्दल दोनच पर्याय आहेत: प्रसंग बदला, किंवा वर्ग बदला. अडखळलात तर तिसरी युक्ती आहे. तो प्रसंग दोन प्रकारे चित्रित करा. रुंद चौकटीतला एक जास्तीचा टेक, शिवीच्या जागी दुसरा शब्द घेतलेला एक टेक. सेटवर याला दहा मिनिटं लागतात. हेच काम प्रमाणनानंतर करायचं तर कलाकाराला पुन्हा डबिंगला बोलवा, ओठ जुळवा, नाही तर आवाज म्यूट करून प्रसंगाचा जीव घालवा. टीव्हीसाठी वेगळी आवृत्ती करायची वेळ आली, तर तेव्हाही हेच टेक उपयोगी पडतात.

आणि ए घ्यायचंच ठरवलं असेल तर ते आताच मान्य करा, त्याप्रमाणे खर्च बेता आणि मग निर्धास्तपणे चित्रपट करा. ए ही शिक्षा नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या सोळा मिनिटांच्या माहितीपटाला यू मिळावं म्हणून थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. १९७० च्या त्या निकालात न्यायालयाने प्रदर्शनापूर्वीची तपासणी आणि वयानुसार वर्गवारी वैध ठरवली, पण कलेच्या आणि समाजाच्या दृष्टीने मोल असलेल्या गोष्टींना जागा राहिली पाहिजे, हेही बजावलं. वर्गवारी ज्यासाठी आहे ती हीच जागा. मोठ्यांची गोष्ट मोठ्यांना पूर्ण सांगता यावी.

शूटिंगच्या आधी घ्यायच्या परवानग्या

प्राणी. चित्रपटात कुत्रा, घोडा, बकरी, काहीही काम करत असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यायची, आणि नंतर ना हरकत प्रमाणपत्र घेऊन ते अर्जाला जोडायचं. या मंडळाचं कार्यालय आता हरियाणात बल्लभगडला आहे. माझ्या उमेदीच्या काळात एका गाण्यात दोन सेकंद शेळ्यांचा कळप होता. कोणी मुद्दाम आणला नव्हता, रस्त्यावरून चाललेला छान दिसला म्हणून कॅमेरा फिरवला. कागद नव्हता. गाण्याचा तो तुकडा काढावा लागला, ताल तुटला आणि संगीतकाराला पुन्हा बसावं लागलं. तेव्हापासून संकलकाला पहिल्या दिवशीच सांगतो: चौकटीत शेपूट दिसली की मला फोन कर.

मुलं. बालकलाकार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. शाळा बुडणार नाही याची जबाबदारी तुमची. जो चित्रपट मुलाला थिएटरात पाहता येणार नाही त्यातही मूल काम करू शकतं, आणि म्हणूनच तिथे जास्त जपावं लागतं. हिंसेचा प्रसंग असेल तर मुलाचे शॉट वेगळे घ्या. त्याला पूर्ण गोष्ट कळायची गरज नाही.

तंबाखू. नायकाने सिगारेट ओढली की खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात. २ ऑक्टोबर २०१२ पासूनच्या नियमांनुसार तंबाखूचं दृश्य असलेल्या चित्रपटात सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान तीस-तीस सेकंदांची आरोग्य मंत्रालयाची चित्रफीत, शिवाय दोन्ही वेळा वीस सेकंदांचं दृकश्राव्य निवेदन, आणि दृश्य चालू असेपर्यंत खाली पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत इशारा द्यावा लागतो. हे चित्रपटाच्याच भाषेत हवं. पाकिटावरचं नाव दिसता कामा नये. आणि ते दृश्य का हवं याचं लेखी समर्थन द्यावं लागतं. मला विचाराल तर बिडीशिवाय पात्र उभं राहत नसेल तरच ती ठेवा.

अर्ज

अर्ज आता पूर्णपणे ऑनलाइन, ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर. संस्थेच्या नावाने खातं उघडायचं. मंडळाची नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत: मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, दिल्ली, कटक आणि गुवाहाटी. मराठी चित्रपट साहजिकच मुंबईला, पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजन संकुलात जातो.

चित्रपट पूर्ण असला पाहिजे, पार्श्वसंगीत आणि ध्वनिमिश्रणासकट. "म्युझिक नंतर लावू" असा कच्चा तुकडा चालत नाही, आणि तसा देऊही नये, कारण भीतीच्या प्रसंगाचा वर्ग निम्मा आवाजच ठरवतो. सोबत कथासार, श्रेयनामावली, संपूर्ण संवाद आणि गाण्यांचे शब्द, तंबाखू-प्राणी यांचे कागद, हक्कांचे कागद. संवादांची प्रत शूटिंगच्या पटकथेवरून काढू नका. अंतिम संकलन लावा, एका सहायकाला हेडफोन द्या आणि पडद्यावर जे ऐकू येतं तेच लिहून घ्या. दोन दिवसांचं काम आहे. कलाकाराने सेटवर सहज टाकलेला शब्द त्यातच सापडतो.

प्रत्येक भाषेतल्या आवृत्तीचा अर्ज वेगळा. थिएटरात दाखवायच्या टीझरचा आणि ट्रेलरचाही वेगळा. फक्त ऑनलाइन टाकायच्या ट्रेलरला मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही. थेट ओटीटीवरच जाणाऱ्या चित्रपटालाही नाही. तिथे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्या मंचाने स्वतःच वयोगट ठरवून दाखवायचा असतो.

दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी ध्वनिवर्णन (पडद्यावर काय दिसतं ते सांगणारा आवाज) आणि मथळे (संवाद-आवाज लिहून दाखवणाऱ्या ओळी) असलेली आवृत्तीही आता अर्जाचा भाग झाली आहे. त्याची मार्गदर्शक तत्त्वं १५ मार्च २०२४ ची आहेत. हे काम शेवटच्या आठवड्यात उरकू नका. चांगलं ध्वनिवर्णन लिहिणारा माणूस लेखकाइतकाच जपून शोधावा लागतो. "नायिका खिडकीशी येते" आणि "नायिका खिडकीशी येऊन थांबते, पडदा धरून" यांतल्या फरकावर दृष्टिहीन प्रेक्षकाचा अख्खा प्रसंग अवलंबून असतो.

आता दिवसांचा प्रश्न. २०२४ च्या नियमांत पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी कमाल ४८ कामकाजाचे दिवस आणि लघुपटासाठी १८ दिवस दिले आहेत. ४८ कामकाजाचे दिवस म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याने जवळपास दहा आठवडे, सुट्ट्या धरल्या तर अजून थोडे. बहुतेक चित्रपट याच्या बऱ्याच आधी सुटतात, पण तारीख ठरवताना पूर्ण मुदतच धरा. घाई असेल तर जास्त शुल्क भरून प्राधान्याने तपासणी मागता येते. ती आणीबाणीसाठी ठेवा. "आमची ओळख आहे" म्हणणारे मध्यस्थ भेटतील. अर्ज भरून देणारा जाणकार ठेवायला हरकत नाही, पण खात्याचा पासवर्ड आणि पत्रव्यवहार संस्थेकडेच असू द्या.

तपासणीच्या दिवशी, आणि नंतर

पूर्ण लांबीचा चित्रपट परीक्षण समिती पाहते: मंडळाचा एक अधिकारी आणि सल्लागार मंडळातले चार सदस्य, त्यांत स्त्रिया असतातच. चित्रपट संपेपर्यंत तुम्ही बाहेर बसायचं. नंतर तुम्हाला आत बोलावून बोलण्याची संधी दिली जाते. दिग्दर्शकाने जावं. जाताना पटकथेच्या वेळी केलेली ती वही न्यावी. "हा प्रसंग कापा" असं कोणी म्हटलं तर "हे आमच्या कलेचं स्वातंत्र्य आहे" या वाक्याने फारसं काही हलत नाही. "या प्रसंगात मारहाण चौकटीबाहेर ठेवली आहे, कारण आम्हाला १३ वर्षांची मुलं समोर दिसत होती" या वाक्याने हलतं. शांतपणे बोला, प्रसंगाची वेळ मिनिट-सेकंदात सांगा, आणि तिथल्या तिथे काहीही कबूल करू नका.

मग पत्र येतं. त्यात सुचवलेला वर्ग आणि बदलांची यादी असते: हे दृश्य काढा, हा शब्द म्यूट करा, हा इशारा घाला. यादी हातात घेऊन पुन्हा तीन गट पाडा. एक, ज्याने चित्रपटाचं काही बिघडत नाही, ते मान्य. दोन, ज्याला पर्यायी टेक आहे, तो सुचवा. तीन, जे काढलं तर गोष्ट मोडते. तिसऱ्या गटासाठीच भांडा. अशा वेळी कधी कधी वरचा वर्ग स्वीकारून प्रसंग वाचवणं शहाणपणाचं ठरतं. यूए १३+ ऐवजी यूए १६+ घेतलं तर थिएटरच्या दारात काहीच बदलत नाही, हे आठवा.

तरीही पटलं नाही तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. तिथे अध्यक्ष धरून मोठी समिती बसते आणि पहिल्या वेळचे सदस्य तिच्यात नसतात. त्यापुढे पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये रद्द झालं, आता थेट उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि त्यासाठी आदेशापासून तीस दिवस असतात. छोट्या निर्मात्याला हे जड जातं. स्वस्त आणि जलद अशी मधली एक पायरी गेली, याची मला खंत आहे. म्हणूनच पहिल्या समितीपुढची तयारी जितकी करता येईल तितकी करा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

पूर्वी कायद्यात प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत होती. २०२३ पासून ते कायमचं आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला ते पडद्यावर दिसलं पाहिजे, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पोस्टरवर, जाहिरातीत वर्ग छापला पाहिजे. आधी छापून ठेवलेल्या पोस्टरांचा गठ्ठा असेल तर त्यावर शिक्का मारायचा की नवी छापायची, ते लगेच ठरवा.

आणि आता चित्रपटाला हात लावू नका. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री दिग्दर्शकाला एक शॉट लांबवावासा वाटतोच. प्रमाणित चित्रपटात भर घातली, बदल केला किंवा काही काढलं तर ते मंडळाला कळवून प्रमाणपत्रावर नोंदवून घ्यावं लागतं. न कळवता बदललेला चित्रपट दाखवणं हा गुन्हा आहे. त्याला कैद किंवा दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. सही झाली तो अंतिम डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी डिजिटल प्रत, संकलकाच्या यंत्रावरून काढून दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, वर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि प्रयोगशाळेला लेखी कळवा की थिएटरांना प्रती फक्त याच्याच निघतील. एक ड्राइव्ह संस्थेच्या कपाटात, करारांच्या फाइलशेजारी. दुसरी दुसऱ्या शहरात, विश्वासाच्या माणसाकडे.